मशीन हवा घेते

फेब्रुवारीतल्या वादळात आमच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ रोहणा गावाकडे जाणाऱ्या पांदणवाटेवर आडवी झाली. पलीकडे बागेत संत्रा पिकून तयार, परवा व्यापाऱ्याचा टेम्पो येणार, आणि वाट बंद. मी मात्र खुशीत होतो. हौसेने घेतलेल्या माझ्या चेनसॉला एकदाचं काम मिळालं होतं.

मशीन सुरू झाली, पण एक्सिलेटर सोडला तरी आवाज खाली येईना. उलट चढतच गेला आणि साखळी गरगर फिरत राहिली. फांदी धरायला आलेली बायको चार पावलं मागे सरकली.

"साखळी थांबल्याबिगर मी फांदी धरणार नाई."

तिच्या भावाची दोन बोटं आरागिरणीत गेली आहेत. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मजूर सगळे हरभरा सोंगायला गेलेले, म्हणजे ती नाही तर कोणीच नाही.

मग मी मशीनची संथ चाल ठरवणारा आयडलचा स्क्रू धरून बसलो. सैल केला की मशीन बंद, जरा आवळला की उधळली. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुपार झाली.

विहिरीवरची मोटार बंद करून बायको आली. "हवा तं नाई घेऊन राह्यली?"

मला हसू आलं. 'हवा घेते' हे आमच्याकडे पंपाचं दुखणं. पाइपाला बारीक भोक पडलं की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि मरगळतो.

"अवं, हवा घेतली असती तं मेली असती. हे तं धावून राह्यली!"

"पंपाच्या पायपाले साबणाचा फेस लावता, तसा हिले लावून पाहा न. स्क्रूनं काय भोक बुजते?"

राग आला, पण पाना उचलला. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून त्यांच्या जागची उघडी तोंडं जुन्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद केली. एका तुकड्यातून सायकलच्या पंपाची नळी आत घातली. हलक्या हाताने हवा भरली, फेस लावला. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरी नळीवर बुडबुडे आले. नळी वाकवली तेव्हा चीर दिसली, केसाएवढी. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून मशीन पंपासारखी मरगळण्याऐवजी पिसाळत होती. गावात इंजिनातला जाणकार म्हणून मिरवणाऱ्या मला हे विहिरीवर मोटार चालवणाऱ्या बायकोने सांगावं लागलं. लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आर्वीहून नवी नळी आणली, बसवली, स्क्रू पहिल्या जागी आणला. मशीन सुरू केली आणि एक्सिलेटर सोडला. इंजिन संथ फटफटत राहिलं. साखळी जागच्या जागी उभी.

बायकोने त्या साखळीकडे बराच वेळ पाहिलं. मग पदर खोचला, काटे सांभाळत पुढे आली आणि फांदी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"काऊन उभे राह्यले? कापा न."