प्रभूच्या मडक्यातला कोंडा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा एक रीत होती. बाई दळायला बसली की आधी मूठभर जवारी काढून वेगळ्या मडक्यात टाकायची. ती प्रभूची मूठ. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या बायका आपापली मडकी देवळात नेत आणि ज्या घरी अडचण असेल तिथं पाळकसाहेब ते धान्य पाठवत. त्या मडक्याला घरात कुणी हात लावत नसे.

मी लावला. माझ्या नवऱ्याला हे मी कधी सांगितलं नाही. आता ते नाहीत, म्हणून या वहीत लिहिते.

निजामाचं राज्य होतं. आम्ही औरंगपुऱ्याच्या मागं एका खोलीत राहायचो. हे सूतगिरणीत कामाला होते. त्यांना हिवतापानं धरलं आणि तीन आठवडे अंथरुणातून उठता येईना. काम नाही तर पगार नाही. त्यातच कोंबड्यांना रोग आला, पाचही मेल्या. हे पडल्या पडल्या म्हणायचे, "काळजी करू नको. चिमण्यांना देतो, तो आपल्याला देणार नाय व्हय?" मी मान हलवायची. मनात म्हणायची, चिमण्यांना चूल पेटवावी लागत नाही.

एका गुरुवारी डब्यात दाणा उरला नाही. पोरगी भुकेनं रडत होती. मी प्रभूचं मडकं खाली काढलं, थोडी जवारी घेतली आणि दळली. ह्यांनी भाकरी मोडताना विचारलं, "कुठून आली गं?"

"होती थोडी," मी म्हणाले.

शुक्रवारी पुन्हा घेतली. शनिवारी मडक्यात जेमतेम दोन मुठी राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार. रिकामं मडकं घेऊन चारचौघींत कसं जायचं? मी शेजारच्या खालांकडे गेले. त्या बकरीसाठी कोंडा ठेवत. म्हटलं, कोंबड्यांना हवा आहे.

"मुर्ग्यां तो सब मर गयीं ना तुम्हारी?" खाला म्हणाल्या. "अब कोंडा कौन खाता, दुल्हा?" आणि हसत हसत सूपभर दिला.

मी मडक्यात कोंडा दाबून भरला आणि वर त्या दोन मुठी जवारी पसरली.

रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "या महिन्याची मूठ आपल्या आजारी भावाच्या घरी जाईल." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मडकं पदराखाली ओढून घेतलं.

बायबलबाई एकेक मडकं पोत्यात ओतू लागली. ही म्हातारी विधवा घरोघरी जाऊन बायकांना वचनं वाचून दाखवायची; मला अक्षरांची गोडी तिनंच लावली होती. माझं मडकं उचलताच तिचा हात थबकला. वजनावरूनच तिला कळलं असणार. तिनं मडक्याच्या तोंडावर पदर धरला आणि कुणाला दिसू न देता ते पोत्यात उपडं केलं.

पोतं घेऊन ती माझ्याबरोबर घरापर्यंत आली आणि उंबऱ्याशी बसली. "सूप आण," म्हणाली.

आम्ही दोघी पाखडायला बसलो. कोंडा उडून तिच्या पांढऱ्या केसांवर बसत होता. खोलीत हे झोपले होते, म्हणून ती हळू बोलली. "गुरुवारीच ठरलं होतं बघ तुमचं नाव. पाळकसाहेब मला निरोप घेऊन धाडत होते. मीच म्हटलं, राहू द्या, रविवारी कळू दे. मला तिचं हसरं तोंड बघायचंय." तिनं सूप झटकलं. "बघितलं."

मी रडू लागले.

"माझंबी चुकलंच," ती म्हणाली. "पण नवऱ्याला सांगशील ना?"

"व्हय," मी म्हणाले.

सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत हे बरे झाले, कामावर जाऊ लागले. मग एका रविवारी देवळात सगळ्यांपुढं साक्ष द्यायला उभे राहिले. "घरात दाणा नव्हता," ते म्हणाले, "तरी माझ्या बायकोनं प्रभूच्या मडक्याला हात लावला नाही. तिच्या विश्वासावर माझं घर तरलं." बोलताना ते माझ्याकडेच बघत होते.

मी लाजाळू आहे, असं सगळे म्हणतात. चारचौघांत बोलायची लाज आड आली, असं मीही पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण तसं नव्हतं. ते ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होते, ती नजर मला सोडवेना. देवानं मी मागण्याआधी दिलं होतं, आणि त्याचा मान मी घेतला.

बायबलबाई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझा पदर हळूच ओढला. एकदा, मग पुन्हा एकदा. मी खाली बघत राहिले. गीत सुरू झालं, तेव्हा सगळ्यांबरोबर उभी राहिले.