एका भिंतीवरचा चुना

चिखलीच्या घरातलं गॅरेज सध्या रंगवायला काढलंय. पेंटरनं काल वरचा रंग खरवडला, तसा आतला निळसर चुना भुरभुर खाली पडू लागला. पाणी मारल्यावर त्याचा ओला वास आला आणि मला आईसोबत त्या भिंती रंगवल्याची दुपार आठवली.

बाबा प्रवासी जीप चालवायचे. आजारपणात त्यांना जिना चढवेना, म्हणून जीप बाहेर कडुनिंबाखाली लावून गॅरेजचीच खोली करायची ठरली. आम्ही फरशीवरचे ऑइलचे डाग राखेनं घासले, चुन्यात नीळ कालवली. घर सजवायचा उत्साह होता मला.

खाट आत आणली तेव्हा खुर्चीत बसलेले बाबा म्हणाले, "पाय दाराकडं येऊ द्या. मले रस्ता दिसला पाह्यजे."

"जित्या माणसाले कोणी असं झोपवते का?" आई म्हणाली.

"गाडी तोंड बाहेर करूनच लावा लागते. निघताना तरास होत नाही."

ड्रायव्हरची सवय, म्हणून मी हसले. आई हसली नाही. तिनं खाट बाबांना हवी तशी फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून रंगवून झालेल्या भिंतीलाच पुन्हा चुना लावत राहिली. अंधार पडेपर्यंत तिनं कुंचला खाली ठेवला नाही.

बाबा त्याच दारातून गेले.

"ताई, या एकाच भिंतीले एवढा जाड चुना काऊन हाये?" पेंटरनं काल विचारलं.

ती भिंत तेवढी खरवडू नका, एवढंच मी त्याला सांगितलं.