बाटलीतली चुरी

माझ्या मैत्रिणीचा, मयुरीचा, सकाळी सातला फोन आला. म्हणाली, स्कूटी काढ, गावी जायचंय.

मयुरी जळगाव जामोदजवळच्या क्रशरवर वाळू तपासते. डोंगराचा काळा दगड फोडून तिथं गिट्टी करतात आणि आणखी बारीक दळून वाळू. ती वाळू धुवावी लागते. नाही धुतली तर तिच्यात चुरी राहते, दगडाचं पीठच. अशा वाळूचा स्लॅब पुढे तडकतो. म्हणून प्रत्येक ट्रकमधली मूठभर वाळू ती बाटलीत घालते, पाणी ओतून हलवते आणि तीन तास ठेवते. वाळू खाली बसते, चुरी तिच्यावर. थर जाड दिसला की ट्रक सोडत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून या कामाला लागली, त्याला चार वर्षं झाली.

आदल्या दिवशी तिच्या गावच्या विहारासाठी ट्रक भरायचा होता. गाव वरवट बकालजवळ. स्लॅब दुसऱ्याच दिवशी. ट्रकच्या रांगेत गावाचा नंबर चौथा होता, तिनं पहिला लावला. आपल्या माणसांना थांबवायचं कशाला? बाटली भरून खिडकीत ठेवली आणि तीन तास न थांबता ट्रक सोडला. सकाळी पाहिलं, तर चुरीचा थर दोन बोटं जाड.

वडील फोन उचलत नव्हते. आणि एकदा सुरू झालेला स्लॅब मध्ये थांबवत नाहीत. मी स्कूटी शक्य तेवढी पळवली. ती मागे बाटली पोटाशी धरून बसली होती.

पोहोचलो तेव्हा मिक्सर सुरू होऊन रिकामाच फिरत होता. गाव जमलं होतं. बाया घमेली घेऊन रांगेत उभ्या. बाजूला चुलीवर भाजीचं पातेलं. मयुरी सरळ मिक्सरपुढे गेली. वाळू खराब आहे, स्लॅब टाकू नका म्हणाली. पुरावा म्हणून तिनं बाटली वर धरली.

रस्त्यानं बाटली इतकी हिंदकळली होती की आत नुसतं राखाडी पाणी.

दयाराम मिस्त्रींनी ती डोळ्यांसमोर धरून पाहिली. "हा तं चहा हाय, पोरी. बिस्किटं कुठी हायेत?"

लोक हसले. मयुरीनं तीन तास मागितले. कुणी देईना. भाड्याचं मशीन संध्याकाळी परत जाणार होतं. काल स्वतःच पाठवायची अन् आज स्वतःच नावं ठेवायची, हे कसलं शिक्षण, असं मागून कुणीतरी म्हणालं. ती तिथून हलली नाही.

तेवढ्यात तिचे वडील इंद्रभान पुढे आले. तीस वर्षं त्यांनी पूर्णेच्या काठावर रेती चाळली. त्यांनी ढिगातली मूठभर वाळू घेतली, पाणी लावून तळहातावर चोळली आणि टाकून दिली. तळहात राखाडी राहिला.

"मशीन बंद करा, मिस्त्री," ते म्हणाले. मग मयुरीकडे न बघता, "मले कालच समजलं होतं. ट्रक खाली झाला तवाच."

"मंग बोलले काऊन नाही, बाबा?"

"तू पाठवली होती, माय."

मिक्सर बंद झाला होता. मी पातेल्याकडे बघत राहिले.

मयुरीनं तिथूनच क्रशरच्या मालकाला फोन लावला. नंबर मोडला, तपासणी न बघता ट्रक सोडला, चूक माझी, असं सगळ्यांसमोर सांगितलं. तो बराच वेळ बोलत होता. ती फक्त हो म्हणत होती. भाजी झालीच होती, म्हणून पंगत बसली. वाढायला मयुरीच होती. दयाराम मिस्त्रींनी तिच्याकडून भाजी मागून घेतली. तोवर पायरीवर ठेवलेल्या बाटलीत थर बसला होता. उठता उठता एकेक जण वाकून बघत गेला.

स्लॅब पुढच्या रविवारी झाला. वाळूचा ट्रक आदल्या दिवशी आला. यावेळी मयुरी तीन तास थांबून, ट्रकमध्येच बसून आली होती. इंद्रभान ताडपत्री निघायचीही वाट न बघता चाकावर चढले. ताडपत्रीखालून मूठभर वाळू काढली, पाणी मागितलं, चोळली.

ती खाली उभी होती. त्यांनी वाकून तळहात तिच्यापुढे धरला.

स्वच्छ होता. तरी तिनं त्यावरून एकदा बोट फिरवून पाहिलं.