वाटून घेतलेली खुर्ची

हिर्डोशीकडच्या त्या ताई आमच्या पंचायत समितीच्या सभापती होत्या, म्हणून जिल्हा परिषदेतही आपोआप सदस्य. पुण्याच्या सभेला कागद घेऊन मी, समितीचा कारकून, सोबत जायचो. ताई मागच्या रांगेत बसायच्या आणि दर वेळी उठून एकच विचारायच्या, "आमच्या वड्यावर साकव कदी हुणार? पावसात पोरान्ला साळंत जाता येत न्हाई." उत्तर मिळेपर्यंत खाली बसायच्या नाहीत. लोक हसायचे, मलाही अवघडल्यासारखं व्हायचं. शेवटी जिल्हा परिषदेचे अध्यक्षसाहेब म्हणाले, "पुढच्या सभेत घेतो."

पण सभापतिपद सदस्यांनी आपसांत वाटून घेतलं होतं आणि ताईंची पाळी संपत आली होती. कायदा तसं काही सांगत नाही. देवळात भंडारा उचलून सगळ्यांनी दिलेला तो शब्द होता. असले शब्द लोक सर्रास मोडतात. मी म्हणालो, "ताई, तेवढी एक सभा होऊ द्या, मग राजीनामा द्या."

"भंडारा उचललाय म्या," एवढं बोलून त्यांनी सही केली.

पुढच्या सभेत साकवाचा विषय निघाला. आमचे नवे सभापती मोबाईल बघत होते. साहेबांनी सवयीनं मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथं कुणीच उभं नव्हतं. त्यांनी पान उलटलं.