लाल पट्टीची जागा

ती माझी धाकटी बहीण. सख्खी. शाळेत इंग्रजी शिकवते, आणि आमच्या अख्ख्या खानदानात इंग्रजीत भांडू शकेल अशी ती एकटीच. मी सातवीपर्यंत शिकलो, सुतारकाम करतो, आणि माझ्या हातचं दार तीस वर्षांत एकदाही कुरकुरलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी एक चूक सांगायची आहे.

तिला भीती वाटते. मुलांची नाही, मोठ्या माणसांची. लहानपणी पाहुणे आले की कपाटामागे जाऊन बसायची. अजूनही कुणी मोठं माणूस वर्गात मागे येऊन बसलं की तिचा आवाज जातो. ओठ हलतात, पण आवाज नाही. आणि यंदा नोकरी कायम व्हायची तर तपासणीचे साहेब एक तास तिच्या वर्गात बसणार होते. तास फसला की घरी. तीन वर्षं तात्पुरती झाली होती, चौथं कुणाला देत नाहीत.

धडा होता क्रियाविशेषणांचा. मला तिने समजावलं, "दादा, आपल्याकडे 'नेहमी' कुठेही टाकलं तरी चालतं. इंग्रजीत त्याची जागा ठरलेली. 'शी ऑलवेज लॉक्स द डोअर.' क्रियापदाच्या आधी. पण 'इज' असला की त्याच्या नंतर. 'स्लोली' बहुतेक वेळा शेवटी. 'यस्टरडे' पहिल्या टोकाला नाहीतर शेवटच्या."

मी म्हटलं, "म्हणजे पाचर. भलत्या सांध्यात ठोकली की लाकूड फाटतं."

मग मी तिला फळी करून दिली. लांब खाच, त्यात सरकणाऱ्या शब्दांच्या पांढऱ्या पट्ट्या, आणि क्रियाविशेषणाची लाल. मुलं एकेक करून येतात, लाल पट्टी बसवून बघतात. बरोबर बसली की सगळा वर्ग बाकावर एकदा टक करतो. चुकली की सगळे गप्प. ही रीत तिनेच काढली. आवाजाचा भरवसा नसलेल्या बाईने आणखी काय करावं?

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फळी भिंतीला ठोकायला गेलो. शिपाई वर्गात खुर्च्या आणत होता.

"एवढ्या कशाला रे?"

"सगळे शिक्षक बसणार ना उद्या! तुम्हीच मोठ्या बाईंना सांगितलंत म्हणे, एक साहेब काय, वीस जण बसवा, माझी बहीण डगमगायची नाही."

सांगितलं होतं. त्यांच्या ऑफिसची कडी बसवताना, ऐटीत.

बहीण फळा पुसत उभी होती. तिचा हात तिथेच थांबला. "दादा, तू बोललास हे?"

"अगं, बोलण्याच्या ओघात..."

"आठ खुर्च्या आहेत."

"तुझ्यापुढे आठ म्हणजे..."

"नको ना दादा. आता तरी नको."

मी धावत मोठ्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना निरोप गेलेत. आता काय सांगू, बाई घाबरतात?"

परत येऊन म्हटलं, चल, सराव करू. मागच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसलो. "करा सुरू, बाई." तिने लाल पट्टी उचलली. पट्टी फळीवर टकटक आपटायला लागली. ओठ हलले. आवाज नाही. मी उठलो तेव्हा कुठे बोलली, "तू आहेस हे कळतं रे. पण खुर्चीत बसलास की तू तू राहत नाहीस."

घरी जाऊन दोघंही न जेवता उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीचं बिजागर बघायच्या निमित्ताने पेचकस घेऊन बाहेर उभा राहिलो. साहेब, मोठ्या बाई, बाकीचे शिक्षक, आठही खुर्च्या भरल्या. फळीवर 'शी लॉक्स द डोअर' लावलेलं होतं. बहिणीने 'ऑलवेज'ची लाल पट्टी वर धरली, ओठ हलवले. काही नाही. पहिल्या बाकावरची मुलगी आपणहून उठली, पट्टी घेऊन शेवटी बसवली. वर्ग गप्प. 'लॉक्स'च्या नंतर बसवली. गप्प.

साहेब वैतागले. "बाई, मुलं बोलत नाहीत, तुम्हीही बोलत नाही. हा काय तास आहे?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मुलीने पट्टी 'लॉक्स'च्या आधी सरकवली आणि चाळीस बोटं एकदम, टक! साहेब दचकले. उठून फळीपाशी आले.

"ही कुणी केली?"

"मी!" खिडकीतून माझ्या तोंडून निघूनच गेलं. "थोरला भाऊ! साहेब, ती खाच बघा, केसाएवढा फरक सापडला तर..."

"दादा! वर्ग चालू आहे! खिडकी सोड!"

एवढा आवाज! मी तर दोन पावलं मागेच सरकलो. मुलं खिदळली. ती क्षणभर तशीच उभी राहिली, स्वतःचाच आवाज ऐकल्यासारखी. मग फळीत 'इज'चं वाक्य सरकवून त्याच आवाजात वर्गाकडे वळली, "आता 'इज' आला तर लाल पट्टी कुठे जाईल?"

साहेबांनी स्वतःच पट्टी घेतली आणि 'इज'च्या आधी बसवली. वर्ग गप्प. त्यांनी मुलांकडे बघितलं, पट्टी उचलली, पुढे सरकवली. टक!

जागेवर जाऊन त्यांनी कागदावर सही केली. मोठ्या बाईंनी खिडकीकडे बघून मान डोलावली, तेव्हा मला कळलं, झाली कायम. तिला आवाज मीच आणून दिला, हे मी आता सगळीकडे सांगतो. फक्त त्या सकाळी बिजागराचा एकही स्क्रू मला फिरवता आला नाही. पेचकस हातात ठरतच नव्हता.