पन

स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली होती. मी उमेळ्यात मास्तर होतो आणि 'पानी', 'पन' म्हणणाऱ्या पोरांची जीभ दिवसभर 'ण'वर वळवत होतो. शाळेच्या वाटेवर, खाडीकाठी ज्याचं शेत होतं त्या माणसाला मात्र मी कधी सुधारलं नाही. तो आधी दुखणं सांगायचा, मग थांबून विडी शिलगवायचा आणि मगच म्हणायचा, "पन..." त्या 'पन'पुढे नेहमी काहीतरी चांगलंच यायचं.

"बैल लंगडतोय, मास्तर. पन रुबाब बघा त्याचा!"

एका भाद्रपदात अवसेच्या उधाणानं त्याचा बांध फोडला. निसवायला आलेलं भात खाऱ्या पाण्यात गेलं. मी धीर द्यायला गेलो, तर हा बांधाच्या भगदाडालाच जाळं लावून बसलेला. ओहोटीचं पाणी त्यातून परतत होतं.

"न इचारता आत आली खाडी," तो म्हणाला. "जायची वाट माझ्या जाल्यातनंच हाय."

त्यानं एक जिताडा काढून माझ्या हातात दिला.

"अरे, बांध गेला, भात गेलं..." म्हणता म्हणता मी थांबलो.

त्यानं विडी शिलगवली. "पुढं बोला की, मास्तर."

मासा हातात फडफडत होता.

"पन," मी म्हणालो.