शेवटच्या घराची सही

आमच्या राजेश्वर गावात नळाला पाणी सोडणारा माणूस कंत्राटी आहे. व्हॉल्व्ह उघडला की लांब लोखंडी चावीचं एक टोक पाइपावर टेकवून, दुसरं कानाला लावून तो पाणी ऐकतो. मग गल्लीच्या शेवटच्या घरी जाऊन तिथल्या नळाचं ओंजळभर पाणी पितो.

यंदा पंचायतीचं कंत्राट नव्या ठेकेदाराकडं गेलं. त्यानं पाणी सोडणाऱ्याला बजावलं, "पाणी नीट येतंय म्हणून गल्लीतल्या एकाची सही आण, तरच कामावर ठेवतो."

आमचं घर गल्लीतलं पहिलं. मी मोठ्या मनानं पेन काढला. "आण, करतो."

"तुमची नको, अण्णा. तुमच्याकडं येतंयच की! शेवटच्या घरच्या अक्काची घेतो."

"अन् नळ कोरडा म्हणून तिनं न्हाई केली तर?"

"तर मी काय काम करायलोय?"

तो निघाला. त्याच वेळी आमच्या नळाला लावलेली चोरटी मोटार घरात पाणी ओढत होती. मी पळत जाऊन ती बंद केली.

अक्कानं सही केली. मोटार माळ्यावर गेली. बायकोला सांगितलं, जळाली.

तो आजही आमच्या दारापुढं चावी कानाला लावतो आणि माझ्याकडं बघून हसतो. त्या चावीतून मोटारही ऐकू येत असणार, हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.